रुमालाखालचा भाव

मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची जी यात्रा भरते, तिची ओळख मराठवाड्यातील वाचकांस करून देण्याचे कारण नाही. देवस्वारी निघते, कुस्त्यांचा फड लागतो, लावणीचे तंबू उभे राहतात. आणि या सर्वांच्या आजूबाजूस घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा असा बाजार मांडला जातो की, नवखा मनुष्य त्यात दिशा चुकावा. नांदेड जिल्हा परिषद याच यात्रेत पशुप्रदर्शन भरवते. लाल कंधारी आणि देवणी जनावरे धुऊनपुसून, शिंगे घासून रिंगणात आणली जातात. परीक्षक दात पाहतात, खूर पाहतात, वशिंड आणि पोळी न्याहाळतात आणि मग ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर होतो. कोणाचा वळू पहिला आला, तो का आला, हे चार हजार माणसांच्या देखत ठरते.

तेथून थोडे चालत गेले की बाजार लागतो आणि तेथे सगळा प्रकार नेमका उलट असतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, त्यांच्या हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकला जातो आणि त्या आडोशाला बोटांनी भाव बोलला जातो. कोणते बोट शंभराचे आणि कोणते हजाराचे, हे त्या दोघांना ठाऊक असते. भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांना काही कळत नाही. सौदा फिसकटला तर पदर झटकला जातो, जमला तर इसार हातावर पडतो. जनावराचे गुण उघड्यावर आणि त्याची किंमत पदराखाली, असा हा व्यवहार आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. ‘बाजारपेठेची माहिती सर्व ग्राहकांस व विक्रेत्यांस पूर्णपणे असते’ हे पूर्ण स्पर्धेचे लक्षण फळ्यावर लिहिताना त्याला दरवर्षी माळेगावचा तो रुमाल आठवतो.

पदराखालच्या सौद्याची चेष्टा करणे सोपे आहे, पण त्याला त्याचे कारण आहे. आपल्या बैलास काय आले हे शेजाऱ्यास कळू नये, कळले तर उद्या उसने मागायला येईल किंवा कमी आले म्हणून हसेल, अशी विकणाऱ्याची भीती असते. घेणाऱ्यास वाटते, आपण या दावणीला काय दिले हे पुढच्या दावणीवरच्या शेतकऱ्यास कळू नये. दोघांचीही सोय होते. गैरसोय होते ती तिसऱ्याची. उद्या आपले जनावर घेऊन येणाऱ्या आणि आज बाजारात काय भाव चालला हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या माणसाची. हा तिसरा माणूस वर्षातून एकदाच बाजारात येतो. हेडी मात्र प्रत्येक बाजाराला असतो.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटा निबंध लिहिला. मोटारीत काय खोट आहे ते विकणाऱ्यास ठाऊक, घेणाऱ्यास नाही. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी कमी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणीतच नाही आणि बाजारात शेवटी खोट असलेलाच माल उरतो, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन. त्याबद्दल २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याकडच्या कोणत्याही बैलबाजारात आयुष्य घालविलेल्या माणसास हे सांगितले असते तर ‘यात नवीन ते काय?’ असेच तो म्हणाला असता. मारका बैल, लाथ मारणारी म्हैस, बसका बैल यांच्या खोडी लपविण्याच्या युक्त्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आमच्या भागातील शेळीच्या व्यवहारात मात्र अॅकरलॉफचे प्रमेय उलटे होते. येथे अडाणी असतो तो विकणारा. घेणाऱ्यास सर्व ठाऊक असते.

नजर कोणाची?

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही किनवटजवळच्या एका गावी होतो. एका दुपारी सहज म्हणून झाडाला काटा टांगला आणि गावातील करडे, बोकड एकेक करून झोळीत घालून तोलू लागलो. आधी विद्यार्थ्यांनी वजनाचा अंदाज सांगावयाचा, मग काटा पाहावयाचा, असा खेळ होता. मुले शेतकऱ्यांचीच, जन्मापासून शेळ्यांत वाढलेली; पण त्यांचे अंदाज चार-चार, पाच-पाच किलोंनी चुकत होते. गावात खरेदीसाठी आलेला एक हेडी विडी ओढत हे पाहत बसला होता. त्यालाही आम्ही खेळात ओढले. त्याने बोकडाच्या पाठीवरून आणि कमरेवरून एकदा हात फिरवावा आणि आकडा सांगावा. तो आकडा आणि काट्याचा आकडा यांत किलोचेही अंतर पडू नये, असे पाच-सहा वेळा घडले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मला मात्र त्या टाळ्यांत काहीतरी खटकले. ज्याने ते बोकड वाढविले त्याला त्याचे वजन ठाऊक नाही आणि ज्याने ते आज प्रथम पाहिले त्याला ठाऊक आहे, ही गोष्ट टाळ्या वाजविण्यासारखी नव्हती.

हा हेडी लबाड होता असे मी म्हणत नाही. तो आपल्या धंद्यात निष्णात होता. तो गावोगाव फिरतो, टेम्पोचे भाडे भरतो, वाटेत मेलेल्या जनावराचा तोटा सोसतो, शहरातील व्यापाऱ्याकडून पैसे कधी महिन्याने मिळतात तेही सहन करतो. त्याच्या हातात राहणारी सर्वच रक्कम नफा नसते. पण वजनाच्या अज्ञानामुळे जे जाते ते या सेवेचे मोल नव्हे. समजा, डोळ्याने वीस किलोचे ठरलेले बोकड काट्यावर तेवीस भरले आणि भाव किलोला साडेतीनशे रुपये धरला, तर एका जनावरामागे एक हजार पन्नास रुपये विकणाऱ्याच्या घरातून गेले. एवढ्या पैशांत आमच्या एका विद्यार्थ्याची सत्राची पुस्तके येतात.

पुस्तकांचा उल्लेख सहज केलेला नाही. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. एका अंगास पैनगंगा आणि तिच्यापलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगास आता तेलंगण, मध्ये सागवानाचे डोंगर. गोंड, कोलाम, प्रधान, आंध यांचे पाडे आणि बंजाऱ्यांचे तांडे यांतून आमचे विद्यार्थी येतात. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके पावसावर. जमीन हलकी असली की पीक बेभरवशाचे, आणि पीक बुडाले की उरते ती दारातली शेळी. शेळी ही या घरांची बँक आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. पण बँकेतून पैसे काढताना बँकेला आपली नड कळत नाही. शेळी विकताना ती कळते, आणि भाव तेथेच पडतो.

आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गातील एक मुलगी एकदा पावसाळ्यात आठवडाभर आली नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. ती आली तेव्हा फीचे पैसे तिच्याजवळ होते. वडिलांनी दोन बोकड दारातच दिले होते. पावसाळ्यात गोठा ओला, चारा ओला, रोगाची भीती, बाजारात नेणार कोण? आलेल्या माणसाने जे बोटांवर मोजले ते घेतले. ‘सर, दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर एकातच भागलं असतं’, असे ती म्हणाली. अर्थशास्त्राच्या त्या वर्गात मागणी व पुरवठ्याचा वक्र तिच्याइतका कोणास समजला असेल असे मला वाटत नाही. त्या शेळ्या तिने सांभाळल्या होत्या, त्यांची नावे तिने ठेवली होती; सौद्याच्या वेळी मात्र ती ओट्यावरही नव्हती. शेळीची राखण बायकामुलींकडे आणि शेळीचा पैसा पुरुषांच्या खिशात, ही आपली जुनी वाटणी आहे.

माझे म्हणणे असे की, किनवटला दरवर्षी शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींचे एक पशुप्रदर्शन भरावे आणि त्याच मैदानात, काट्यावर तोलून, उघड्या बोलीने त्यांच्या बोकडांचा लिलाव व्हावा. माळेगावचे प्रदर्शन थोर आहेच. पण किनवटहून माळेगाव म्हणजे जिल्ह्याचे एक टोक ते दुसरे. शिवाय तेथे उतरणारी जनावरे ज्यांच्या दावणीची असतात, त्यांना ती खास प्रदर्शनासाठी राखणे परवडते. दोन बोकडांच्या मालकिणीस त्या रिंगणात जागा नाही.

चांगले आधी जाते

लिलाव कशाला, नुसते प्रदर्शन पुरे, असे काही मित्र म्हणतात. बक्षीस द्यावे, फोटो काढावा, घरी जावे. पैनगंगेपलीकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो. लहान मुले लाकडी बैल सजवून आणतात आणि ज्याचा बैल सुंदर त्याला बक्षीस मिळते. फार गोड सण आहे. पण लाकडी बैलास चारा लागत नाही आणि त्याचा भावही होत नाही. जिवंत जनावर वाढविणाऱ्या मुलाला आपण किती खर्च केला, किती मिळाले आणि का मिळाले हे कळावयाचे तर भाव त्याच्या देखत, मोठ्याने बोलला गेला पाहिजे. एका दिवशी चाळीस बोकडांचा किलोचा भाव फळ्यावर लिहिला गेला, तर पुढले दोन महिने पंचक्रोशीतील प्रत्येक दारावर हेड्यास तो आकडा ऐकून घ्यावा लागेल. लिलावात भाग न घेतलेल्या माणसासही त्याचा लाभ मिळेल. माहिती ही अशी वस्तू आहे की, एकाने वापरली म्हणून दुसऱ्यास कमी पडत नाही.

याहून मोठे एक कारण आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उस्मानाबादी शेळी ही आपल्या मराठवाड्याची देणगी. काळीभोर, काटक, एका वेताला दोन करडे देणे तिला नवलाचे नाही. अशा शेळीच्या दोन करडांपैकी जे बोकड झपाट्याने वाढते, अंगाने भरते, तेच आधी विकले जाते; कारण त्यालाच आधी गिऱ्हाईक येते. मागे राहते ते खुरटे. तेच कळपात फिरते आणि पुढच्या पिढीचा बाप होते. पैदाशीच्या शास्त्रात उत्तमाची निवड करतात. आपला बाजार नकळत अधमाची निवड करतो. एखाद्या गावाने चांगले बोकड पैदाशीसाठी राखावयाचे ठरविले तरी ते राखणाऱ्या एका घराचा तोटा आणि लाभ साऱ्या गावाचा, असा पेच पडतो. पहिल्या आलेल्या बोकडावर ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने बोली लावून तो गावासाठी घेतला, तर हा पेच सुटतो. मुलीस खाटकाच्या भावाहून अधिक मिळते आणि बोकडही वाचते.

सरकारी योजना नाहीत असे नव्हे. १० शेळ्या आणि १ बोकड अशा गटाचे अनुदानावर वाटप राज्यात होत आले आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाचे २०२१ साली नवे रूप आले. त्यात शेळीपालनाच्या मोठ्या प्रकल्पास भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे, पण ते ज्याला शेकड्याने शेळ्या पाळावयाच्या आहेत त्याच्यासाठी. या योजनांनी जनावर दारात येते. ते दारातून बाहेर कोणत्या भावाने जाईल याची चिंता त्यांत कोठे दिसत नाही. धान्याला आधारभूत किमतीची निदान चर्चा तरी होते.

गायीबैलांविषयी थोडे. त्यांना मी लिलावात घेऊ नये असे म्हणेन, प्रदर्शनात मात्र अवश्य घ्यावे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण गोवंशाची संख्या किंचित वाढलेली दिसली, पण देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर आला, नांगरट भाड्याने होऊ लागली, बैलजोडी लाखाच्या पुढे गेली. त्यात १९७६ च्या कायद्यातील दुरुस्ती २०१५ साली अमलात आल्यापासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्या कायद्यामागील भावनेविषयी मतभेद असू शकतात. हिशेबाची बाजू एवढीच की, जुना बैल देऊन त्यात भर घालून नवा घेण्याची शेतकऱ्याची रीत त्याने मोडली. थकलेल्या बैलाची जबाबदारी ज्याच्या दावणीला तो आहे त्याच्यावर राहिली. उपयोगी आणि निरुपयोगी पशूंच्या संख्येचा हा प्रश्न वि. म. दांडेकरांनी १९६० च्या दशकातच मांडला होता. तो आजही सुटलेला नाही, आणि शाळकरी मुलांच्या लिलावात तो सुटणार नाही. देवणीच्या वानेरा, बालंक्या आणि शेवेरा या तीन रंगांतला फरक मुलांनी ओळखावा, आदत, दुसा, चौसा हे शब्द त्यांच्या तोंडी राहावेत, एवढे प्रदर्शनाने साधले तरी पुष्कळ.

अमेरिकेतील एक बोकड

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम या शिक्षकाने १९०२ साली शाळकरी मुलांचे एक मंडळ काढले. मका, टोमॅटो पिकवावयाचे, त्याची नोंद ठेवावयाची, एवढाच कार्यक्रम. त्यातून आणि अशाच इतर मंडळांतून ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तेथील कृषी विस्तार सेवेला जे रूप मिळाले, तिच्या छत्राखाली ती आली. १९२८ साली शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची दुसरी मोठी संघटना निघाली. आज तेथील प्रत्येक जिल्ह्याच्या मेळ्यात मुले आपले वासरू, डुक्कर, मेंढी किंवा बोकड घेऊन येतात, प्रदर्शनात उतरतात आणि अखेरीस लिलाव होतो. बोली लावणारे असतात गावातील किराणा दुकानदार, बँक, बी-बियाणांचा व्यापारी, दंतवैद्य. ते बाजारभावाहून अधिक देतात. ज्यांना जनावर नको ते किमतीत आपली भर घालून मोकळे होतात. जनावरांची पारख करण्याच्या मुलांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात; चार जनावरांचा क्रम लावायचा आणि तो का लावला हे परीक्षकापुढे उभे राहून तोंडी सांगावयाचे. आमच्या शिबिरातील त्या हेड्याने बसल्या जागी जे केले, ते तेथे अभ्यासक्रमात आहे.

आपल्याकडेही २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली तेव्हा गावोगाव युवक मंडळे निघाली होती. त्यांतील बहुतेकांच्या पाट्या पुढे गणेशोत्सवाच्या मांडवावर दिसल्या.

परंतु अमेरिकेकडून घ्यावयाचे तर तेथे काय चुकले हेही घ्यावे. २०२२ साली कॅलिफोर्नियातील शास्ता जिल्ह्याच्या मेळ्यात नऊ वर्षांच्या एका मुलीने आपले बोकड लिलावासाठी आणले. त्याचे नाव सीडर. वेळ जवळ आली तेव्हा तिला ते देववेना. नियम असा की, एकदा नाव नोंदविले की माघार नाही, जनावर कत्तलीसच जाणार. ९०२ डॉलरला लिलाव झाला. मुलीच्या आईने बोकड परत नेले आणि नुकसान भरून देण्याची तयारी दाखविली. मेळ्याच्या वाट्याचे कमिशन होते अवघे ६३ डॉलर. तरीही पोलीस शेकडो मैल जाऊन बोकड घेऊन आले आणि ते कापले गेले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२४ साली ३ लाख डॉलर भरपाई देण्याची तडजोड झाली. मुलांना जबाबदारी शिकवावयाची म्हणून नियम न मोडण्याचा हट्ट धरला गेला. मुलीला त्यातून काय शिकावयास मिळाले असेल याची कल्पना करवत नाही.

माझा एक सहकारी, जो शाकाहारी आहे आणि ज्याच्या मताचा मी आदर करतो, मला विचारतो की, मुलांच्या हातून हे तुम्ही का करविता? त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. तांड्यावरची मुलगी आपले बोकड जाते हे दरवर्षी पाहतेच; आम्ही तिला क्रूरता नव्याने शिकवीत नाही. पण ‘आधीच होते आहे’ हे समर्थन अपुरे असते हेही मला कळते. म्हणून आमच्या लिलावाचा पहिला नियम असावा की, हातोडा पडेपर्यंत कोणत्याही मुलास, कोणतेही कारण न सांगता, आपले जनावर परत नेता यावे. त्यासाठी दंड नको, दोन शब्द ऐकविणे नको. पाट म्हणजे मादी करडू लिलावात घेऊच नये. ते घराच्या कळपात राहावे.

वनखात्याकडून येणारी हरकत निराळी आहे. शेळी ही जंगलाची वैरीण, तिला उत्तेजन देऊ नका, असे म्हटले जाते. पैनगंगा अभयारण्य शेजारी असताना ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. तथापि प्रदर्शनाच्या गुणांत एक भाग चारापाण्याच्या वहीला ठेवला, शेवरी, सुबाभूळ, तुरीचा भुसा घरी घालून जनावर वाढविले असेल त्यास अधिक गुण दिले, तर आज डोंगरात सुटणारी काही जनावरे तरी दारात राहतील. अर्थात वही खोटी लिहिता येते. आमचे प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासण्याचे अनुभव याबाबतीत दांडगे आहेत.

घेणारे कोण?

लिलाव विकणाऱ्यांमुळे होत नाही, घेणाऱ्यांमुळे होतो. चाळीस बोकडे आणि चार हेडी अशी स्थिती झाली, तर ते चौघे आदल्या रात्री चहा घेऊन ‘हे तुझे, ते माझे’ ठरवतील, आणि उघडा लिलाव रुमालाखालच्या सौद्याहून वाईट ठरेल. त्यावर दोन उपाय आहेत. एक राखीव किंमत: मागल्या बाजारातील भावाने वजनाला गुणून येणारी रक्कम, तिच्या खाली बोली थांबली तर जनावर मालकाकडे परत. दुसरा उपाय म्हणजे घेणाऱ्यांची गर्दी. आणि ही गर्दी शिक्षकांची, कारकुनांची, दुकानदारांची असावी लागेल.

आम्ही बोकड घेऊन काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांतून बोकड घेतलेच जात नाही असे थोडेच आहे? नवसाची कंदुरी होते, जावळ होते, आषाढात गावाकडे जाणे होते. त्या वेळी आपण कोणाला तरी सांगून ठेवतो आणि तो आणून देईल त्या भावात घेतो. तेच बोकड चार आठवडे आधी, तोलून, आपल्याच शाळेतल्या मुलाकडून घ्यावे आणि हवे तर त्याच्याकडेच खुराकीचे पैसे देऊन ठेवावे. बकरी ईदसाठी घेणारी मुस्लिम कुटुंबे तर निवडून, पारखून, चांगल्या जनावराला चांगला भाव देणारी गिऱ्हाइके आहेत. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते, त्याप्रमाणे एखाद्या वर्षी तारीख जुळवून घेता येईल. ज्याला काहीच घ्यावयाचे नाही त्याने शंभर रुपयांची भर एखाद्या बोलीत घालावी. ही भीक नव्हे. मुलाने वर्षभर केलेल्या कामावर लावलेली बोली आहे. मात्र भर वेगळी आणि भाव वेगळा असे फळ्यावर दोन रकाने ठेवावेत. नाहीतर कौतुकाचा भाव हाच खरा भाव समजून पुढल्या वर्षी मुले कर्ज काढून बोकडे बांधतील, आणि तो दोष आमच्या माथी येईल.

पुढाऱ्यांना बोलवावे का, यावर आमच्यात वाद झाला. ते आले की मंडप येतो, मंडप आला की हारतुरे येतात, आणि जनावरे दुपारच्या उन्हात दोन तास भाषणे ऐकत उभी राहतात. माझे मत असे की, त्यांनी अवश्य यावे आणि बोली लावावी. बोली लावणाऱ्यास बोलण्यापूर्वी खिशात हात घालावा लागतो.

पशुवैद्यकीय दवाखान्याचे सहकार्य मात्र अपरिहार्य आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. गर्दीतून रोग कसा पसरतो याचा धडा ताजा आहे. शेळ्यांच्या बाबतीत पीपीआर आणि आंत्रविषार यांच्या लसी महिनाभर आधी टोचल्याशिवाय एकही जनावर मैदानात येऊ देऊ नये. कानात बारा अंकी बिल्ला असावा. बिल्ल्याविना खरेदी-विक्रीवर राज्याने २०२४ मध्ये बंधन आणलेच आहे. या बिल्ल्याचा आणखी एक उपयोग आहे. त्याच क्रमांकासमोर विद्यार्थ्याचे, आणि शक्यतो विद्यार्थिनीचे, बँक खाते लिहावे आणि रक्कम थेट तेथे जमा व्हावी. मग सौद्याच्या वेळी ती ओट्यावर होती की घरात, याने फरक पडणार नाही.

हंगाम दिवाळीनंतरचा योग्य. पावसाळ्यात ओली झालेली जनावरे तोवर सावरतात, कापसाचे थोडे पैसे गावात आलेले असतात आणि माळेगावची यात्रा महिना-दीड महिन्यावर असते. येथे पहिली आलेली दोन जनावरे मुलांसह तेथे पाठविता येतील. खर्च फारसा नाही. मैदान शाळेचे, फळा शाळेचा, पाणी नगरपरिषदेकडून मागून घेता येईल. शिबिरात झाडाला टांगलेला काटा आमच्या महाविद्यालयाच्या भांडारात अजून आहे. फक्त त्याची तपासणी वजनमापे खात्याकडून करवून, शिक्का मारून घ्यावा लागेल. नाहीतर पहिल्याच बोकडावर वाद होईल.